खात्रीसाहेबांचं मशीन

खात्रीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. "याची खात्री काय?" हे विचारल्याशिवाय हा गृहस्थ साधी छत्रीसुद्धा घेत नसे, म्हणून ते चिकटलं. पोलादी सांगाड्यांना कॉम्प्युटरवर ताण द्यायचा आणि ते कुठे मोडतील ते आधीच सांगायचं, हा त्यांचा धंदा. जन्मभर मोडतोडच बघितल्यावर संशय हाडीमाशी खिळणारच हो! बायकोनं दाराला कुलूप लावलं की हे मागे जाऊन ओढून बघणार.

जुना कॉम्प्युटर थकला, तेव्हा सुटे भाग निवडून नवा जुळवून घ्यायचं ठरलं. जुळणी करणाऱ्या बाईंच्या दुकानात साहेब आठवडाभर ठाण मांडून बसले. प्रोसेसरचं खोकं स्वतः फोडलं, त्यावरचा नंबर भिंगातून वाचला. मेमरी भरपूर हवी, आणि आपली चूक आपणच पकडणारी हवी, हा हट्ट. बाईंनी मोठा पंखा सुचवला, तर यात हिचा काय डाव, असं मनात आलंच.

मशीन उभं राहिलं. त्याची परीक्षा घ्यायला साहेबांनी बारा वर्षांपूर्वीची एक क्रेन काढली. ती त्यांच्याच सहीनं पास झाली होती, आणि तिच्याखाली आज त्यांचा धाकटा भाऊ फोरमन होता. सांगाड्याचे लाखो बारीक तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण मोजायचा, असं ते गणित. जुन्या मशीनच्या मेमरीत तेव्हा ते मावलं नव्हतं. साहेबांनी तुकडे मोठे करून वेळ मारून नेली होती.

आता तुळईच्या कोपऱ्यातला ताण तेव्हाच्या दीडपट आला, सुरक्षित मर्यादेच्या पार बाहेर.

मेमरी खोटी आहे, साहेबांनी निकाल दिला. बाईंनी ती बदलली. आकडा तोच. मग आळ प्रोसेसरवर आला, मग मदरबोर्डवर, शेवटी बाईंच्या दानतीवर. बाईंनी ब्र न काढता एकेक भाग बदलला. चौथ्यांदाही आकडा दशांशापर्यंत तोच.

"साहेब," पेचकस खाली ठेवत बाई म्हणाल्या, "बिघडलेलं मशीन दर वेळी वेगळं चुकतं. हे चारही वेळा एकच सांगतंय."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. साऱ्या जगावर संशय घेतला, पण आपल्या सहीवर एकदाही नाही. लाजेनं कानशिलं तापली, आणि लाजेहून भीती मोठी होती. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला.

"क्रेन बंद कर. खालची माणसं आधी बाहेर काढ."

"दादा, बारा वर्षं बिनतक्रार चाललीय. हे सांगतंय कोण?"

"मी. तेव्हा मीच चुकलो."

दादाच्या तोंडून असं काही भावानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग तो कुणावर तरी जोरात ओरडला, आणि फोनमधून येणारी क्रेनची घरघर थांबली.