कप्तानाच्या हातचा वाटा

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या बाजूला एका शेठजींच्या घरात आमचं वसतिगृह होतं. बावीस मुली, एक अधीक्षक बाई आणि स्वयंपाकाच्या काकू. मी अकोल्याची. वडील वकिली करत. अमरावतीची मुलींची शाळा चांगली म्हणून त्यांनी मला आठवीत तिथं आणून ठेवलं. साल अठ्ठावन्न असावं.

बाई पुण्याकडच्या होत्या. आमचं सगळंच बोलणं त्यांना उर्मट वाटे. घरून आलेला खाऊ कुणी जवळ ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. डबे कोठीत जात, कोठीला कुलूप लागे आणि रविवारी चहाच्या वेळी एकेक जिन्नस हातावर पडे. त्यांचा हेतू चांगला होता. काहींच्या घरून पिशव्या भरून येई, काहींच्या घरून काहीच येत नसे, आणि उघड्यावर खाल्लं की रडारड होई. पण त्याच कोठीत घासलेटचा डबाही असायचा. आईचे बेसनाचे लाडू माझ्या हातात येईपर्यंत त्यांना घासलेटचा वास लागलेला असे, आणि तरीही दुसरा मिळावा म्हणून जीव तुटे.

जुलैत एक मुलगी आली. नांदगाव खंडेश्वरच्याही पलीकडच्या एका खेड्यातली. उंच, हाडकुळी, दोन घट्ट वेण्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. हे तिनं पहिल्याच दिवशी, कुणी आडून आडून विचारायच्या आत, सरळ सांगून टाकलं. त्या दिवसापासून पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. कुणी काही बोललं नाही. आम्ही नुसत्या थोड्या थोड्या सरकलो. काकू तिला वाढताना पळी वरूनच उलटी करत, आमटी ताटाबाहेर उडे. बाई हे पाहत आणि दुसरीकडे बघत. सरकणाऱ्यांत मीही होते.

ती रडली नाही, बाईंकडे गेली नाही. तीन आठवडे नुसती बघत राहिली. काय बघत होती ते पुढं कळलं. काकू दुपारी किती वेळ झोपतात, बाई पोस्टात कोणत्या वारी जातात, कोठीच्या कोयंड्याचा कोणता स्क्रू ढिला आहे.

एका शनिवारी शाळा अर्धी होती. दुपारी मी परसात वेणी घालत बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझा डबा होता, झाकणावर वडिलांच्या अक्षरात नाव लिहिलेला.

"हा तुहा हाय ना?"

मी मान हलवली.

"खायाचा हाय का? का बाईले देऊन येऊ?"

कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं तिनं कोयंडा काढला होता आणि पुन्हा तसाच बसवला होता. मी तिच्यामागून न्हाणीघरात गेले. तिथं आणखी तिघी होत्या. एकीचे वडील एका मोठ्या देवळात पुजारी होते. आपण तिला पुजाऱ्यांची मुलगी म्हणू. तिचाही डबा तिथं होता, बाकी दोघींचेही होते. कप्तानानं (हे नाव आम्ही तिला नंतर ठेवलं, इतिहासाच्या बाईंनी समुद्री चाच्यांची गोष्ट सांगितली तेव्हा. समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.) चारही डबे एका मोठ्या पितळी ताटात रिकामे केले. लाडू फोडले, शेव, चिवडा, शंकरपाळे, सगळं दोन्ही हातांनी एकत्र कालवलं. मग म्हणाली, "मी वाटीन. माह्या हातून घ्यायचं. ज्याले चालत नसन त्यानं आताच उठाव."

कुणी उठलं नाही. पुजाऱ्यांच्या मुलीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "माझं मला वेगळं काढून दे ना. मी माझ्या हातानं घेते."

"मंग जाय. डबा तुहाच हाय, बाईले माग."

लाडवाचा वास सगळ्या न्हाणीघरात पसरला होता. शेवटी तिनं हात पुढं केला, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. माझी पाळी आली तेव्हा मी हात लगेच पुढं केला, पण घास तोंडाशी नेताना क्षणभर थांबले. कप्तानानं ते पाहिलं. मी खाल्लं. आईच्याच हातचे लाडू होते ते, तशीच चव होती, आणि डबा आदल्याच दिवशी आल्यामुळं त्यांना घासलेटचा वास नव्हता.

दिवाळीपर्यंत आम्ही नऊ जणी झालो. न्हाणीघरात पाणी तापवायचा एक तांब्याचा बंब होता, तळाला भोक पडल्यामुळे टाकून दिलेला. त्याच्या पोटात आमचा माल असे. मुंग्या लागू नयेत म्हणून डबे पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवलेले. कोठीतून काय काढायचं ते कप्तान ठरवी. ज्या मुली आमच्यात नव्हत्या त्यांच्या डब्यांना ती हात लावू देत नसे. एकीनं तसा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "ते आपल्या सोबतीचे नाईत. सोबतीचं लुटाचं, दुसऱ्याचं नाई." यात तर्क काय होता ते आम्हाला कळलं नाही, पण विचारायची हिंमत झाली नाही.

तिच्या स्वतःच्या घरून डबा येत नसे. एकदाच तिचे वडील आले, बसस्टँडवरून चालत, खांद्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. तिनं एकही शेंग बाजूला काढली नाही. सगळं गाठोडं बंबात गेलं.

आमची हाव मात्र वाढत होती. दिवाळीनंतर घरून येताना सगळ्यांनी भरभरून आणलं. कप्तानानं दोन मोठे डबे भरून बंबात ठेवले आणि फर्मान काढलं की परीक्षेच्या आठवड्यापर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. तोवर शनिवारी मूठभरच मिळायचं. दहा दिवसांत एकीनं त्यातले अनारसे चोरले. तिच्या गादीखाली खसखस सांडलेली सापडली. कप्तान ओरडली नाही. पुढच्या शनिवारी आम्हा आठ जणींना वाटा मिळाला. त्या मुलीपुढं तिनं रिकामं पान ठेवलं आणि सांगितलं, "बस. पाहत राह्य. तीन शनिवार."

दुसऱ्या शनिवारी ती मुलगी मुसमुसू लागली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अगं, पुरे आता. दे की तिला थोडं."

"तू काहून बोलून राहिली? तुहा वाटा दे तिले."

माझ्या मुठीत शेंगदाण्याची चिक्की होती. मी ती मूठ उघडली नाही. कप्तान माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खाली बघून चिक्की खाल्ली. त्यानंतर न्याय-अन्यायाबद्दल मी तिच्यापुढं कधी तोंड उघडलं नाही. खरं तर त्या दिवसापासून तिच्याबद्दल मला जे वाटू लागलं त्यात भीती कमी होती. मी दयाळू नव्हते, हे मला तिच्यामुळं कळलं होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात बाईंनी कोठी झाडायला काढली आणि डबे हलके लागले. शाळेतून आलो तर बाविसांनाही ओटीवर उभं केलेलं. बाईंनी विचारलं, "कोणी केलं?"

काकू दारातून म्हणाल्या, "विचारता काय बाई? दुसरं कोण करणार?" आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. ज्या मुलींना काहीच ठाऊक नव्हतं त्यांच्याही.

कप्तान पुढं आली. "मी केलं."

"एकटीनं?"

"हौ."

वळताना तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला नीट समजली. एकीनंही हलायचं नाही, असा तो हुकूम होता. ती न्हाणीघरात गेली आणि दोन्ही डबे आणून बाईंच्या पायाशी ठेवले. बाईंनी झाकणं काढली. अनारशांची जागा सोडली तर डबे काठोकाठ भरलेले होते.

"चोरून आणलंस आणि खाल्लं नाहीस?" बाई म्हणाल्या.

पुढं व्हावं असं फार वाटत होतं आणि मी झाले नाही. माझ्या शेजारून पुजाऱ्यांची मुलगी पुढं गेली.

"बाई, मीपण होते. माझाच डबा होता. आम्ही नऊ जणी होतो."

मग मी गेले. मी दुसरी होते, पहिली नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. एकेक करत बाकीच्याही आल्या, अनारसेवालीसुद्धा. कप्तान मात्र संतापली होती. हुकूम मोडला म्हणून ती पुजाऱ्यांच्या मुलीला दातओठ खाऊन म्हणाली, "तुले कोनं बोलाले सांगतलं?"

काकूंचं लक्ष वेगळीकडेच होतं. त्यांनी पुजाऱ्यांच्या मुलीला विचारलं, "वाटायचं कोण?"

"ही," ती म्हणाली. "हिच्याच हातून. ऑगस्टपासून."

काकू मटकन दारातच बसल्या. त्या पंगतीकडे इतके दिवस न पाहणाऱ्या बाई आता आमच्या नऊ जणींकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चोरीची शिक्षा सगळ्यांना सारखी होईल. घरी पत्रं जातील. आणि उद्यापासून वाढायचं काम मुलींकडे. आळीपाळीनं, सगळ्यांकडे."

"माझ्यानं नाही व्हायचं मग," काकू म्हणाल्या.

"तुमची इच्छा," बाई म्हणाल्या.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. नवी स्वयंपाकीण मिळेपर्यंत तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे बावीस मुलींचा स्वयंपाक कुणी चालवला ते सांगायला नको. बाईंनी कप्तानाला नेमलं नव्हतं. पहिल्या सकाळी कुणालाच चूल पेटवता येईना, तेव्हा ती बाह्या सारून आत गेली आणि नंतर बाहेर आलीच नाही. कणीक कुणी मळायची, पाणी कुणी ओढायचं, सगळं ती बोटानं दाखवी. भाकरी करपली तर जिनं करपवली तिच्याच ताटात पडे. अभ्यासाच्या नावाखाली पळणाऱ्या दहावीच्या मुलींनाही तिनं भांड्यांना बसवलं. एक दिवस बाई स्वतः आत डोकावल्या, तर त्यांच्या हातात तिनं निवडायची मेथी दिली. बाईंनी ती निवडली. पहिल्या दिवशी चार मुली जेवल्या नाहीत. तिनं त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघी येऊन बसल्या. उरलेल्या दोघींना त्यांच्या घरच्यांनी नेलं.

पत्रं घरी पोचली होती. अकोल्याहून वडील आले. बाईंशी बोलून बाहेर आले आणि मला म्हणाले, "चोरी केलीस याची मला लाज वाटते. दुसरं जे काही पत्रात आहे त्याबद्दल मला तुला काही विचारायचं नाही." त्यांनी मला तिथंच ठेवलं. आईनं मात्र सुट्टीत घरी गेल्यावर महिनाभर मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. पुजाऱ्यांच्या मुलीचे वडील आले ते तिची ट्रंक घेऊनच गेले. तिची परीक्षाही झाली नाही. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं. जाताना तिला कप्तानाला भेटायचं होतं, पण वडिलांनी हात धरला होता. कप्तान न्हाणीघराच्या दारात उभी होती. तिनं नुसता हात वर केला. त्या दिवशी जेवायला ती आली नाही, आणि तिला जेवायला बोलावण्याची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

मॅट्रिकनंतर आमचे रस्ते वेगळे झाले. सहा-सात वर्षांनी, मी अकोल्याला शाळेत शिकवत असताना, अमरावतीच्या एसटीत ती मला दिसली. पांढरी साडी, मांडीवर औषधांची चामडी पेटी. ती नर्स झाली होती आणि आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं करत होती. मी शेजारी जाऊन बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही सगळ्यांची चौकशी केली. पुजाऱ्यांच्या मुलीचा पत्ता तिनं माझ्याकडे मागितला. मला तो ठाऊक नव्हता.

मग इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "तू ते मुद्दाम केलंस ना? आम्ही तुझ्या हातचं खावं म्हणून?"

ती हसली. "मले भूक लागे. तुमच्याजवळ डबे होते."

"आणि सगळं कालवून स्वतःच्या हातानं वाटायचीस ते?"

"वाटाले हातच लागते ना," ती म्हणाली. पुढं उभ्या असलेल्या एका गरोदर बाईला तिनं जवळ बोलावलं, मला उठायला सांगितलं आणि त्या बाईला माझ्या जागेवर बसवलं. बडनेऱ्यापर्यंत मी उभ्यानं गेले.