कुत्रा, सोवळं आणि माझे खोटे तीन दिवस

कुंभकोणममधल्या आमच्या मराठी घरात पहाटे चारपासून दुपारी बारापर्यंत कुत्र्याला हात लावायला एकही माणूस मोकळं नसतं. आत्या सोवळ्यात, आई सोवळ्यात, अप्पा, म्हणजे माझे वडील, देवापुढं. आणि कुत्र्याला मुतायला नेमकी हीच वेळ आवडायची. 'मुतायला' हा शब्द संपादकांना खटकला तर त्यांनी दुसरा सुचवावा. आमच्याकडे गेल्या वर्षी तो दिवसातून आठ वेळा मोठ्यानं उच्चारला जात होता, आणि उच्चारणारी माझी आत्या एकादशीला पाणीसुद्धा पीत नाही.

पिल्लू आलं ते असं. परसातल्या विहिरीवरून पितळेची घागर चोरीला गेली, म्हणून अप्पा नवी आणायला नाचियारकोविलला गेले. दिवे ओतणाऱ्या कारागिरानं घागर दिली आणि तिच्यात एक तांबूस पिल्लू घालून दिलं. ही पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून, असं म्हणाला म्हणे. अप्पा बसमधून घागर मांडीवर घेऊन आले. पिल्लानं वाटेत घागरीचा उपयोग करून घेतला होता, त्यामुळे ती घागर आत्यानं आजतागायत आत घेतलेली नाही. पिल्लाला मात्र घेतलं. त्याचं नाव सांगत नाही. अप्पांनी ते नगरपालिकेच्या एका सभासदावरून ठेवलं आहे आणि ते गृहस्थ मराठी वाचतात.

आमच्या घराच्या मधोमध उघडा चौक आहे आणि चौकाला चार लाकडी खांब. देवघराच्या दाराजवळचा खांब पिल्लानं पसंत केला. रोज सकाळी तो खांब हुंगायला लागला की घरात जे व्हायचं ते असं. आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगे, बसला बघ! धर त्यास!" आई म्हणायची, "मी कशी धरू? भात चढवलाय!" अप्पा पळी हातात धरून मंत्राच्या मधेच "हूं! हूं!" करायचे, कारण तोंड मंत्रात गुंतलेलं. आत्या सोवळं वाळत घालायची काठी घेऊन धावायची. पण काठीही सोवळ्याची, तिनंही शिवायचं नाही, म्हणून ती जमिनीवर आपटायची. त्या आवाजानं पिल्लू घाबरायचं आणि होणार होतं त्याच्या दुप्पट व्हायचं. एखादा थेंब आत्याच्या पायावर उडाला की ती पुन्हा विहिरीवर, पुन्हा स्नान, पुन्हा पहिल्यापासून स्वयंपाक. अप्पा कचेरीत उशिरा. संध्याकाळी ते घरी येऊन वर्तमानपत्राची गुंडाळी करायचे आणि पिल्लाला मारायचे. सकाळच्या गुन्ह्याला संध्याकाळी शिक्षा, आणि आरोपीला गुन्हा कोणता तेही कळू नये! अशा न्यायाविरुद्ध आपण देश स्वतंत्र केला ना?

मी हे बोलले. कुणी ऐकलं नाही. मी पत्रकं लिहिते, त्यामुळे घरात माझं बोलणं कुणी फारसं ऐकत नाही.

मग एका सकाळी आत्याला तीन वेळा स्नान करावं लागलं आणि तिला ताप भरला. अप्पांनी जाहीर केलं की आजोबांचं श्राद्ध दीड महिन्यावर आलं आहे. तोवर हा प्रकार थांबला नाही तर कुत्रा पापनाशमच्या भाताच्या गिरणीत जाईल. मालक ओळखीचे आहेत आणि त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे.

ती गिरणी मी पाहिली आहे. तिथली दोन कुत्री दिवसरात्र साखळीवर असतात. साखळीनं मानेची कातडी सोलून लाल झालेली, आणि समोर भाताचा कोंडा उडतो तो डोळ्यांत. आमचं पिल्लू तेव्हा माझ्या पायावर डोकं टेकून झोपलं होतं. मी म्हटलं, "थांबवते. दीड महिना द्या."

"पत्रक वाटून थांबवशील?" अप्पा म्हणाले.

मी गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेले. तमिळ गृहस्थ, बैलाच्या खुरातून खिळा काढत होते. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं. "झोपून उठलं की बाहेर न्यायचं. खाल्लं की न्यायचं. खेळून झालं की न्यायचं. जागा एकच ठेवायची. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. मागाहून दिलेली शाबासकी त्याला कळत नाही आणि मागाहून दिलेला मारही कळत नाही. लक्ष ठेवायला जमत नसेल तेव्हा दोरी आपल्या कमरेला बांधून ठेवायची."

"आणि घरात झालेल्या जागेवर आमच्याकडे गोमूत्र शिंपडतात."

खिळा त्यांच्या हातातून पडला. "म्हणजे एका मुतावर दुसरं? अम्मा, त्या पिल्लाला वाटत असेल तुमच्या घराची रीतच आहे ही!"

घरी येऊन मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तो खांब चिंचेच्या पाण्यानं घासला, पितळेची भांडी घासतो तसा. नंतर गोमूत्र शिंपडायचं ते तिनं चार हात लांब, तुळशीपाशी शिंपडलं. यावर मी काही बोलले नाही. कधीकधी मलाही गप्प बसता येतं.

पण खरी अडचण वेगळीच होती. दिवसभर कुत्र्याला कमरेला बांधून फिरणार कोण? सकाळी मलाही न्हाऊन वाटण घाटण करावं लागे, म्हणजे मीही सोवळ्यात. दुपारी छापखान्यात जायचं.

आणि मग माझा महिना आला.

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे आणि ती मी आडवळणानं देणार नाही. 'बाहेर बसणं' या जुलमाविरुद्ध मी तमिळमध्ये एक पत्रक लिहिलं होतं. त्यात पाच मागण्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं: 'आमच्यापैकी एकही स्त्री यापुढे बाहेर बसणार नाही.' ते पत्रक बाजारात, बसच्या थांब्यावर, शाळेच्या फाटकाशी मी स्वतः वाटलं. आणि घरी दर महिन्याला मुकाट्यानं बाहेर बसत होते. परसाच्या कडेला एक खोली आहे, तिथं तीन दिवस चटई, वेगळं ताट, वेगळा लोटा. शहराला ठणकावून सांगणं सोपं होतं. अप्पांपुढं हा विषय काढायला माझं तोंड उघडत नव्हतं.

तर त्या खोलीत बसले, आणि पहिल्याच तासात लक्षात आलं की या घरात कुत्र्याला बेधडक शिवू शकेल असं माणूस आता मीच आहे. मला कुणी शिवणार नाही, मी कुणाला शिवणार नाही, काम शून्य, आणि दार उघडलं की समोर परसातलं नारळाचं झाड! दोरी कमरेला बांधली. पिल्लू उठलं की झाडाखाली, खाल्लं की झाडाखाली. झालं की मी, "शाबास! शाबास माझ्या राजा!" पलीकडची शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली. तीन दिवसांत खोलीत एक थेंब नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन आत आले. पाचव्या दिवशी सकाळी खांब भिजला.

तीन दिवस पुरत नव्हते. मी बाराव्या दिवशी पुन्हा बाहेर बसले.

"अगे," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मागल्या एकादशीस तर उठलीस."

"उष्णता झाली असेल."

"होय होय. उष्णताच ती." तिनं मेथ्या, कडुनिंब आणि आणिक कसली मुळी उकळून काळा काढा केला आणि लोटाभर माझ्या उंबऱ्याशी ठेवला. "तीन वेळा घे. आणिक कॉफी बंद. कॉफीनं उष्णता वाढते."

कुंभकोणमात कॉफी बंद! वाचकहो, तुरुंगवास सोसलेल्यांबद्दल मला आदर आहे, पण यातलं अवघड कोणतं, हे त्यांनाच विचारा.

यावेळी मी एक पाऊल पुढं गेले. दुपारी सोवळी उतरली की पिल्लाला आत सोडायचं. ते अप्पांच्या खुर्चीपाशी जायचं, आईच्या पदराशी खेळायचं, आणि लागली की मागच्या दाराशी धावत माझ्याकडे यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आपणहून आलं. आनंदानं मी ओरडले ते चौकापर्यंत ऐकू गेलं असावं.

त्याच वेळी माझी एक मैत्रीण परसातून आत आली. आमच्या बायकांच्या मंडळातली, त्याच पत्रकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला घेऊन आलेली. चटई, ताट, लोटा, कमरेची दोरी, कुत्रा, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं.

"तू बसतेस?"

"आज खोटंच बसलेय."

"आणि इतर महिन्यांत?"

 तिनं मुद्रितं चटईवर ठेवली आणि त्यातल्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे मी पाठ करून सभेत म्हटलंय. माझ्या सासूनं मला दोन दिवस उपाशी ठेवलं त्यापायी." आणि गेली. पिल्लानं तिच्यामागं दारापर्यंत जाऊन शेपूट हलवली. मी मुद्रितं तपासली. त्यात चुका नव्हत्या.

श्राद्धाच्या आधी तीन दिवस मी पुन्हा बसले. आता पिल्लू आठवडाभर कोरडं होतं, पण भरवसा नको म्हणून. दुपारी आत्या काढ्याशिवाय आली. खोलीच्या दारापासून चार हातांवर, पायरीवर बसली.

"ऊठ. न्हा."

"आज पहिलाच दिवस आहे."

"पहिला कसला? डोंबल! श्राद्धाला हात हवेत. ऊठ."

मी कमरेच्या दोरीची गाठ घट्ट केली.

"तुला काय वाटलं, मला मोजता येत नाही? या घरातल्या बायकांचे दिवस चाळीस वर्षं मी मोजत्येय." आणि मग जरा आवाज खाली आणून, "मी सासरी होते तेव्हा तिनाचे चार करीत असे. कधी पाच. अठरा माणसांचं रांधणं होतं. पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती गे. सासूस कळत होतं. तीही करीतच होती."

पत्रकातल्या पाचही मागण्या मला आठवल्या आणि एकही उपयोगी पडली नाही.

श्राद्धाच्या दिवशी परसात पिंड, कावळे, पाय धुणं. कुत्र्याची श्राद्धाच्या अन्नावर नजरही पडायची नाही. म्हणून त्याला पुढच्या बाजूला, अप्पांच्या लिहिण्याच्या खोलीत कोंडलं. सकाळी आठला. अप्पा मला एवढंच म्हणाले, "त्या खोलीत काही झालं तर गिरणीचा माणूस उद्या येतोय."

ब्राह्मण जेवायला बसले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. श्राद्धाचं जेवण मौनात होतं. घरात वाढण्याचा आवाज तेवढा, आणि मी वड्यांचं ताट घेऊन पंगतीत. तेवढ्यात पुढच्या खोलीतून दार खरवडल्याचा आवाज आला. मग बारीक कुंई. पिल्लू सांगत होतं. साडेचार तास दम धरून, मी शिकवलं तसं, सांगत होतं. आणि मी सोवळ्यात होते. मी दार उघडून त्याला उचललं असतं तर वाढणं थांबलं असतं आणि श्राद्ध मोडलं असतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट खाली ठेवायला वाकले.

"तू वाढ," आत्या म्हणाली.

ती ओल्या नेसणीनं पंगतीच्या मागून गेली, खोलीची कडी काढली आणि पिल्लाला मानेला धरून छातीशी उचललं. चाळीस वर्षांचं सोवळं आणि तांबडं कुत्रं. पुढचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग गटाराच्या बाजूनं तिचा आवाज, विहिरीवरून चौकापर्यंत ओरडायची सवय असलेला:

"शाबास! शाबास माझ्या राजा! किती केलंस रे! असंच करावं!"

पंगतीतल्या थोरल्या भटजींचा वडा हातातच थांबला. मौन असल्यामुळे ते काही विचारू शकले नाहीत. हात धुताना म्हणाले, "पन्नास वर्षं श्राद्धाला जेवतोय. शाबासकी पहिल्यांदाच मिळाली."

अप्पांनी गिरणीच्या माणसाला परत पाठवलं. सकाळची फेरी आत्यानं आपल्याकडे घेतली, स्नानाआधी, म्हणजे शिवलं तरी बिघडत नाही. ही साधी युक्ती दीड महिना आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. मलाही नाही, आणि मी तर सगळ्यांना अक्कल शिकवते.

श्राद्धाच्याच संध्याकाळी आत्यानं मला विहिरीपाशी गाठलं होतं. "कुत्र्यासाठी धडधडीत खोटं बोलतेस. आपल्यासाठी खरं बोलायला काय जाहलं? बसायचं नसेल तर तुझ्या बापास सांग. मला नको सांगूस, कागदावर तर मुळीच नको."

पुढल्या महिन्यात, बाहेर बसायच्या पहिल्याच दिवशी, अप्पांना सांगितलं की मी बसणार नाही. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांचे कान लाल झाले आणि पत्र थोडं वर गेलं.

"या गोष्टी मला नको सांगूस. आत्याला विचार."

"विचारलं. तीच म्हणाली, तुम्हाला सांग."

 वर्तमानपत्रामागून पान उलटल्याचा आवाज आला.

"मग सांगितलंस ना," अप्पा म्हणाले. "आता कॉफी आण."

मी स्वयंपाकघरात गेले, चुलीवरून दूध उतरवलं आणि कॉफी केली. आई बघत राहिली. आत्यानं आपला डबरा, कॉफीची ती पसरट पितळी वाटी, पुढं केला.