भातानंतरचा छोटा उंचवटा

करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं टेबल खिडकीपाशी आहे. तिथे बसून मी दिवसभर आकाशातून खाली बघते. उपग्रह दर काही दिवसांनी या भागावरून जातो आणि पानांवरून परतलेला उजेड टिपून ठेवतो. त्यात ऊन आणि ओल मिळवून आमचं मॉडेल अंदाज बांधतं, की कुठल्या जमिनीवर हिरवाई किती वाढली. जंगल, खारफुटी, गवत, भातशेती, सगळ्यांचा. कधी कधी वाटतं, जमीन झोपली आहे आणि मी तिचा श्वास बघते आहे. स्क्रीनवरची रेघ वर जाते, सावकाश खाली येते.

भाताची रेघ पावसाळ्यात चढते, कापणीला उतरते. पनवेलच्या आसपास मात्र थंडीत तिला आणखी एक लहानसा उंचवटा येत होता.

"नॉइज आहे, खरी वाढ नाही. स्मूद कर," आमच्या टीमचे सर ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाले. भातशेतात वर्षाला एकच पीक, असं आम्ही मॉडेलला आधीच सांगून ठेवलं होतं.

"ओके सर," मी म्हटलं. मी नेहमी तेच म्हणते. पण उंचवटा पुसला की नकाशावर ही सगळी शेतं थंडीभर उजाड दिसणार होती, आणि नकाशा लवकरच आमच्या हातून पुढे, वापरणाऱ्यांकडे जाणार होता.

रविवारी दुपारी आत्याच्या गावी पोपटी होती. शेतातच मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. वर पेंढा पेटवलेला. धूर आडवा पसरत होता. मी बांधावर बसले आणि पायाशी बघितलं. भाताच्या खुंटांमधून वालाचे वेल गुडघ्यापर्यंत आले होते, दवावर वाढलेले. दर थंडीत मी इथे येऊन शेंगा खाते. पोपटी माझ्या डोक्यात पार्टी होती. त्यातल्या वालाकडे पीक म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

"काय गो, आभालातून आमचा वाल दिसतो का नाय?" आत्याने विचारलं.

"दिसतो. पण सर पुसून टाक म्हणतात."

"त्यांना म्हनावं, आदी पोपटी खायला या. मंग पुसा!"

पुढच्या मीटिंगमध्ये मी माइक चालू केला. "सर, तो नॉइज नाहीये. भातानंतर तिथे वाल असतो."

"ग्राउंड डेटा? शेतात जाऊन कुणी बघितलाय?"

"खाल्लाय, सर."

कुणीतरी हसलं. सरही हसले असावेत; त्यांचा कॅमेरा बंद होता. "एका शेतावर नाही चालणार. आणखी शेतं बघ, लोकांना विचार. तोवर उंचवटा राहू दे."

लोकांना विचार. मी माइक बंद केला आणि तसाच उंचवटा असलेली जवळपासची शेतं नकाशावर शोधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जासईकडच्या एका बांधावर मी फोन हातात धरून उभी होते. धुक्यात समोरचं शेत तरंगल्यासारखं दिसत होतं. पलीकडून एका बाईने हाक मारली, "कोनाची गो तू? काय पायजे?"

"वाल बघायचाय, काकी," मी म्हटलं, आणि चप्पल काढून शेतात उतरले.