उतारावरचा मुरमाचा खड्डा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही — तिथंही नारळ फोडून गप्पच उभा राहत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीची गोष्ट. मुरुडच्या बाजूला एक सरकारी माळ होता, चांगलाच उताराचा. साहेबलोक जागा बघायला येणार म्हणून त्यावरचं कमरेएवढं गवत कापायचं ठरलं. ट्रॅक्टर प्रल्हादभाऊ चालवायचा, मागं पात्यांचं यंत्र जोडून. मी मुकादम.

प्रल्हादभाऊ माझा मित्र, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, त्यांच्यातला पहिला सरकारी ड्रायव्हर. नोकरी अजून कायम व्हायची होती. उतारावर तो ट्रॅक्टर कधी आडवा घालायचा नाही, कारण आडवा घातला की कलंडतो. सरळ वर, सरळ खाली, तेही पहिल्या गिअरात. आणि कापायच्या आधी कुणीतरी सगळं रान पायी फिरायचं, दगड काढायचे, खड्ड्याभोवती चुना टाकायचा — हा त्याचाच नियम. फिरायचं काम माझं.

गवत कुसळीचं होतं. आणि मी — हसाल तुम्ही — साहेबांसमोर मिरवायला नवी टेरिकॉटची पँट घालून गेलो होतो. कुसळं रुतली की पँट कामातून गेली. वरच्या अंगाला चार पावलं टाकली आणि सांगून मोकळा झालो, "बघितलं सगळं. साफ हाय."

खड्डा मला माहीत नव्हता का? बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामासाठी त्या माळावरचा मुरूम मीच खणला होता. विसरलो होतो, असं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. वाटलं, चाक काय नेमकं तिथंच जाणार आहे?

तिसऱ्या फेरीला गेलं. तो सरळ उतरत होता. डावं चाक खड्ड्यात गेलं, ट्रॅक्टर कलंडला, पाय खाली सापडला, डोकं दगडावर आपटलं.

साहेबांनी विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून निघालं — आडवा घातला त्यानं. मागून कुणीतरी म्हणालं, असल्यांच्या हाती ट्रॅक्टर दिल्यावर दुसरं काय व्हणार. मी तेही ऐकून घेतलं. आमचं घर जमीनजुमल्याचं, माझा शब्द कोण तपासणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खड्डा बुजवून टाकला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी — नाही, तरीही ते वाईटच होतं. पण आठवड्यानं मी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. डोक्याच्या मारानं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानं माझा हात धरला. "बापू, खरं सांग. म्या आडवा घातला व्हता का? मला काय याद न्हाई."

किती सोपं होतं तेव्हा.

"हाव," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. त्याला पटलं. मित्रावर का म्हणून संशय घ्यावा?

नोकरी गेली. पाय बरा झाला, जरा लंगडायचा इतकंच. पण ट्रॅक्टरवर तो पुन्हा बसला नाही. गावातले बोलवायला यायचे, तर म्हणायचा, "हात भरोशाचा न्हाई राहिला." असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही, आणि त्या माणसानं लातूरच्या डाळमिलच्या दारावर राखण करत जन्म काढला. मला फार जड जातं हे.

गेल्या वर्षी त्याच्या जावयानं ट्रॅक्टर घेतला. प्रल्हादभाऊनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. जावयाला म्हणाला, "उताराला आडवा घालू नगा. माझी चूक या बापूनं डोळ्यानं बघितलीया, इचारा त्याला."

जावयानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

उन्हाळ्यात तो वारला. माझी चूक स्वतःची समजून गेला.