अर्धी लाथ चालत नाही

काकी आगाऊ चिडायच्या. दूधवाला सातला यायचा, तर काकींचा आवाज साडेसहालाच चढायचा. तो बिचारा घड्याळ लावून वेळेवर आला, तरी त्याची सुटका नसे. "आज आलास टायमात. पन माझा राग मघापासून तयार हाय, त्यो आता कुटं ठेवू?" असं म्हणून त्या दुधाआधी तो राग त्याच्या पदरात घालायच्या. तो मान खाली घालून माप ओतायचा आणि फाटकाबाहेर गेल्यावर हसायचा. मी खिडकीतून हे फुकटचं नाटक रोज बघायचो.

पुण्याजवळच्या नांद्यात मी सहा वर्षं त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू होतो. कंपन्यांच्या समारंभांत माइक धरून निवेदन करणं हा माझा धंदा. काकींना तो कधीच पटला नाही. "नुस्तं बोलायचे पैसे?" त्या विचारायच्या. "मग मला हिंजवडीच्या कंपन्यांनी किती द्यायला पायजे!"

घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक काळी विलायती गाडी होती. काकींचे मिस्त्री, म्हणजे मी येण्याआधीच वारलेले काका, गॅरेजवाले. त्यांना ती पौडजवळच्या एका बंद पोल्ट्रीत सापडली होती, सीटवर कोंबड्यांची पिसं आणि बॉनेटखाली उंदरांची वस्ती अशा थाटात. अकरा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. त्या अकरा वर्षांत पान्हा पुढे करायला, कंदील धरायला आणि शिव्या घालायला काकी. गाडी सुरू झाली तोवर काकांचा डावा गुडघा गेला होता. त्यामुळे ती पहिल्यांदा रस्त्यावर आणली ती नऊवारीतल्या काकींनी, आणि पुढेही त्यांनीच चालवली.

डाव्या पायाचं तिथं फार काम होतं. त्या गाडीला क्लच नव्हता. स्टीअरिंगखाली एक छोटा दांडा होता. त्यानं पुढचा गिअर आधीच लावून ठेवायचा. लावला तरी गाडी ढिम्म, आपल्या जुन्याच गिअरमध्ये चालत राहते. मग चढ आला, वळण आलं, की क्लचच्या जागचं पेडल तळापर्यंत दाबून सोडायचं, की लावलेला गिअर पडतो. काकी त्याला लाथ म्हणायच्या. ही लाथ पूर्ण मारावी लागे. कुणी सवयीनं क्लचसारखं अलगद, अर्धंच दाबलं, तर ते पेडल उसळून असं नडगीवर यायचं की माणसाला आपली कुलदेवता आठवावी.

"सोपं हाय," काकी सांगायच्या. "राग आधी लावून ठिवायचा, लाथ टायमाला मारायची. आनि मारायची तर पुरी."

आता मी चिडणार आहे, वाचकांनी सांभाळून बसावं. काकींच्या पन्नाशीतल्या मुलानं, बबननं, शेडखालची जमीन बिल्डरला विकली. जमीन त्याच्या नावावर, त्याची मर्जी. पण सोबत त्यानं गाडीचाही शब्द देऊन टाकला होता! बिल्डरला ती सोसायटीच्या कमानीजवळ ठेवायची होती. इंजिन काढायचं, सीटवर माती भरायची आणि खिडक्यांतून बोगनवेल सोडायची. शोभेला. अकरा वर्षांची कुंडी! हे मला बबननंच सांगितलं, चहा पिताना, जणू आईचा सत्कार ठरला होता. मी कप आपटला. त्या घरात आगाऊ न चिडणारा मी एकटा होतो, आणि म्हणून मला उशीर झाला होता.

बिल्डरचा माणूस गाडी न्यायला आला तो नेमका दसऱ्याला. शेडमध्ये पान्हे-हातोडे मांडून काकींनी पूजा केली होती. गाडीला हार होता, पण जाळीवर फूल घालायला बंदी, इंजिन तापतं म्हणून. माणूस इस्त्रीच्या शर्टातला, नम्र. म्हणाला, "आजी, चांगला दिवस आहे, आजच घेऊन जातो. मी सगळ्या गाड्या चालवतो."

"सगळ्या?" काकींनी विचारलं.

"सगळ्या."

"मग बस की."

इतक्या मऊ आवाजात काकी बोलल्या म्हणजे काहीतरी लावून ठेवलेलं आहे, हे मला कळायला हवं होतं. कळलं होतंच, खरं सांगतो. मी फक्त बघायला पुढची जागा पकडली. माणसानं किल्ली फिरवली, दांडा बघून हसला आणि डावा पाय पेडलवर ठेवून अगदी शहरी अदबीनं अर्धा दाबला.

त्याची किंकाळी ऐकून बबन घरातून धावत आला. तो माणूस एका पायावर शेडबाहेर उड्या मारत होता.

"आई, त्याला सांगायचंस ना!"

"म्हनला सगळ्या चालवतो," काकी म्हणाल्या. मग बबनकडे वळल्या, आणि आवाज खरा चढला. "शेडची जागा तुझी, घेतलीस. गाडीचा कागद माझ्या नावावर हाय. माती भरायची तर माझ्या तोंडात भर आधी. चालवनाऱ्याला देईन मी ही. मग त्यो कुनी का असंना!"

तो कुणी म्हणजे मी, हे दुसऱ्या दिवशी समजलं. काकींची नजर आता रस्त्याची राहिली नव्हती, आणि शेड रिकामी करायला महिना होता. अट अशी: त्या मला गाडी शिकवणार, आणि मी त्यांचा हात लागू न देता ती ताम्हिणीपर्यंत नेली, तर गाडी माझी.

त्या महिन्यात मी आयुष्यातल्या सगळ्या शिव्या खाल्ल्या. नडगी दोनदा सुजली. पौडच्या अलीकडे एकदा मी तिसरा लावून ठेवला, बोलण्याच्या नादात विसरलो, समोर ट्रक आल्यावर घाबरून लाथ मारली आणि चढावर गाडी धापा टाकत थांबली. "हातानं एक सांगतोस, पायाला दुसरंच वाटतं," काकी कडाडल्या. "ती बिचारी तू सांगितलंस त्येच करती. आधी तोंड बंद कर, लई बोलतोस!" माझ्या धंद्याचा एवढा नेमका अपमान कुणी केला नव्हता.

शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. घोटावडे, पौड, मग धरणाच्या कडेकडेनं. मी तोंड उघडलं नाही. दुसरा, तिसरा, परत दुसरा. दरवेळी दांडा आधी, लाथ नंतर, पूर्ण. काकींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. ताम्हिणीत एका शेताच्या बांधापाशी त्या म्हणाल्या, "हितं थांबव." मी गाडी वळवून, तोंड पुण्याकडे करून उभी केली. विजयी मुद्रेनं भाषणाला सुरुवात करणार, तोच त्यांनी डिकी उघडायला सांगितली.

डिकीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि काकांचा पान्ह्यांचा डबा. बांधापलीकडून काकींची धाकटी बहीण हाक मारत येत होती.

"काकी, हे कधी ठरवलंत?"

"दसऱ्याच्या आधीच. त्या घरात माझ्यानं आता न्हाई ऱ्हावत. शेड पाडताना बघू व्हय मी?"

"बबनला सांगितलंत?"

"त्याच्यावरचा राग अजून लई शिल्लक हाय. त्यो आला की देईन."

मी ट्रंक उतरवून बांधावर ठेवली. माझा चेहरा बघून काकींना पुन्हा राग आला. त्यांना दुसरं काही येतच नसे. "रडतोस कशाला, गाडी चालवायचीय न्हवं?" मी गाडीत बसल्यावर खिडकीतून हात घालून त्यांनी दांडा ओढला. "पैला लावलाय. आता लाथ मार आनि जा."

दोन वर्षांनी त्या तिथंच गेल्या. बबन शेवटपर्यंत तिकडे फिरकला नाही. त्याच्या वाटणीचा तो राग कुठंच पोचला नाही, याचा मला त्यांच्या जाण्याइतकाच संताप आहे.

गाडी आता शेजारच्या चांदे गावात माझ्या मित्राच्या गोठ्यात असते. दर रविवारी मी ती नांद्यातून नेतो. बिल्डरनं कमानीपाशी शेवटी फायबरची खोटी गाडी बसवली आहे, खिडक्यांतून बोगनवेल आलेली. रहिवासी तिच्याजवळ फोटो काढतात. कमान यायच्या बऱ्याच आधी मी दुसरा लावून ठेवतो. मग अगदी तिच्यासमोर आलो, की तोंड बंद ठेवतो आणि लाथ मारतो. पुरी.