बाहेरची पिशवी

घरात तिला सगळे ठसका म्हणत. पाळण्यात असताना दूध मिळायला जरा उशीर झाला, तर ही पोर असं भोकाड पसरायची की रडता रडता तिलाच ठसका लागायचा, आणि ठसका लागला म्हणून तिला आणखी राग यायचा. मोठेपणी रडणं गेलं, राग तेवढा राहिला. शाळेत बाईंनी फळ्यावर गणित चुकवलं तेव्हा ही आधी वर्गात उभी राहिली आणि मग वर्गाबाहेर उभी राहिली. घरी आईने चांगली खरडपट्टी काढली. बाबांनी एवढंच विचारलं की गणित तुझं बरोबर होतं ना. होतं. मग झालं तर, म्हणाले आणि कामाला निघून गेले.

बाबांचं काम म्हणजे लोखंड. घराच्या पुढच्या भागात त्यांचं वर्कशॉप होतं. तिथे फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे तयार होत. दिवसभर ग्राइंडरचा कर्कश आवाज, वेल्डिंगचा निळा उजेड, आणि घरभर बारीक करडी पूड. आईने ती पूड पुसून पुसून हात टेकले आणि शेवटी घरात पांढरं काही आणायचंच नाही असा कायदा केला. अशा घरातली मुलगी एवढं शिकून शोधायला काय निघाली, तर समुद्राच्या पाण्यातलं लोखंड! आई म्हणायची, त्यासाठी इतकी वर्षं कशाला घालवलीस, दारात झाडू मारला असतास तर सूपभर मिळालं असतं.

पण ठसकाला हवं होतं ते लोखंड पृथ्वीच्या पार तळाशी, बर्फाच्या समुद्रात होतं. तिथे ते इतकं कमी की पोहण्याच्या तलावात मिठाचा एक कण टाकावा आणि मग तो शोधत बसावं. तेवढ्यावर त्या पाण्यातली डोळ्यांना न दिसणारी शेवाळं जगतात, शेवाळांवर कोळंबीसारखे जीव, आणि त्यांच्यावर देवमासे. तिथलं पाणी आणायला जाणारं जहाज निघायला थोडेच आठवडे उरले होते. तिच्या प्रयोगशाळेच्या वाट्याला जहाजावर दोन जागा होत्या. एक प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, म्हणजे सरांची. दुसरी तिची, असं सगळे धरून चालले होते.

अशा सफरीची तयारी म्हटलं की लोकांना जाडजूड कोट आणि बूट आठवतात. ते एका दुपारी उरकतं. खरी तयारी म्हणजे बाटल्या धुणं. प्लॅस्टिकच्या बाटल्या ॲसिडात बुडवून ठेवायच्या, काढायच्या, शुद्ध पाण्याने धुवायच्या, पुन्हा बुडवायच्या. हे असं आठवडेच्या आठवडे. मग प्रत्येक बाटली एका पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. कुठल्याही बाजूने लोखंडाचा कण आत शिरला, तर समुद्राऐवजी आपलीच घाण मोजून परत यायचं.

त्यातही पाणी भरायची एक रीत आहे. ते काम दोघांनी करायचं. एकाने फक्त बाहेरची पिशवी उघडायची आणि बंद करायची, त्याला म्हणतात मळके हात. दुसऱ्याने आतली पिशवी आणि बाटली धरायची, ते स्वच्छ हात. मळक्या हातांनी आतल्या वस्तूला शिवायचं नाही. स्वच्छ हातांनी तर जगात दुसऱ्या कशालाच शिवायचं नाही, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. यात मोठा कोण आणि धाकटा कोण, असा प्रश्नच नाही. मळके हात चुकले तर स्वच्छ हात काय कपाळ करणार? पण 'स्वच्छ' हा शब्द ऐकला की काही माणसांना लगेच खुर्ची दिसते. सरांनी पहिल्या दिवसापासून स्वच्छ हात स्वतःकडे घेतले. कुणी विचारलं नाही, आणि 'का' म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सराव व्हावा म्हणून ठसका घरीही तेच करायची. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तिने पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा तंबू उभा केला होता. ती स्वच्छ हात आणि बाबा मळके हात. बाबांना ते भलतंच आवडलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, आमची पोर शास्त्रज्ञ आहे आणि मीसुद्धा खात्यातच आहे, मळक्या विभागात.

मग एक दिवस प्रयोगशाळेत तालीम झाली. सरांनी आणि ठसकाने मिळून बाटल्यांमध्ये शुद्ध पाणी भरलं. ते पाणी यंत्राला दाखवलं, तर पडद्यावर काहीच उमटायला नको होतं. उमटलं मात्र भलतंच. लोखंडच लोखंड. सरांनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं. मागच्या मोहिमेत मानाने मिळालेलं ते जाड स्टीलचं घड्याळ ते कधीच काढत नसत, आणि कुणाची हजेरी घ्यायची असली की ते फिरवत बसत.

"तुझ्या घरातच गंज आहे," ते म्हणाले. "केसांतून, कपड्यांतून येणारच. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस जिथून येतो, तिथलं घेऊनच येतो."

पुढे ते असंही म्हणाले की त्यांच्या एका मित्राचा विद्यार्थी आहे, चांगल्या स्वच्छ घरातला, त्याला न्यावं असं मनात आहे. मोहिमेच्या मुख्य बाई आठवड्याभरात येणार, तेव्हा तसं सांगू. हे सगळं इतक्या गोड आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, सांत्वनच चाललंय. अशा गोड माणसांचा ठसकाला कायम संताप यायचा. पण त्या दिवशी, ज्या मुलीने शाळेतल्या बाईंना सोडलं नव्हतं, तिच्या तोंडातून ब्र निघाला नाही. कारण तिला वाटलं, हे खरं असेल तर?

तो गिळलेला राग ती घरी घेऊन आली आणि जिथे काढायला नको होता तिथे काढला. वर्कशॉपमध्ये शिरून तिने ग्राइंडरची वायर भिंतीतून खेचली.

"माझ्या खोलीत पाऊल टाकू नका," ती म्हणाली. "माझ्या कशालाही हात लावू नका. तुमच्या या लोखंडापायी माझं जहाज जाणार आहे."

बाबांनी ती वायर गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या नळावर कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय घरात येईनात. तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसेनात. बोळात ती समोरून आली की भिंतीला चिकटून हात पाठीमागे घेऊन उभे राहायचे. ते पाहून ठसकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि राग नक्की कुणाचा येतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. आईला मात्र कळत होतं. ताट आपटत तिने विचारलं, "रक्तातही लोखंड असतं म्हणतात. तेही काढून ठेवतेस का बाहेर?"

ठसका जेवण टाकून उठली आणि तडक प्रयोगशाळेत गेली. आता तिने चवताळून काम हातात घेतलं. धुण्याच्या प्रत्येक टप्प्यावरची एकेक बाटली तिने वेगळी ठेवलेली होती. एकेक करून सगळ्या तपासल्या. ॲसिडातून काढलेली स्वच्छ. धुतलेली स्वच्छ. तिने स्वतः पिशवीत भरलेली, तिचे केस आणि कपडे जवळ असताना, तीही स्वच्छ. म्हणजे घाण शेवटच्याच टप्प्यावर शिरत होती, पाणी भरताना. तिने डोळे मिटून ती तालीम आठवली. सरांचं घड्याळ मनगटावरून खाली घसरायचं आणि सर ते हातमोजा घातलेल्या बोटाने वर सारायचे. मग त्याच बोटाने टोपण उघडायचे. हे तिने किती वेळा पाहिलं होतं, तरी लक्षात घेतलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या हातांकडे कोण बघत बसतं? ती आपले मळके हात सांभाळत होती.

पण हे तोंडाने सांगून कोण ऐकणार? सरांचं घड्याळ म्हणजे मान, आणि तिच्या घरचा तो गंज. म्हणून तिने ठरवलं, तशीच बाटली, तेच पाणी, आणि भरायचं बाबांबरोबर, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत.

बाबा तयार होईनात. "माझे हात नकोत," ते म्हणाले. "तुझं जाणं अडेल."

"मला ओरडायचं होतं सरांवर, ओरडले तुमच्यावर," ठसका म्हणाली. माफी मागतानाही तिचा आवाज चढलेलाच होता. "चुकलं माझं. आता मोजे घाला आणि पिशवी धरा."

त्यांनी धरली. बाहेरची पिशवी उघडताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मुख्य बाई आल्या, तेव्हा ठसकाने त्यांच्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एका पिशवीला लाल पट्टी, दुसरीला निळी. ती म्हणाली की यातली एक इथे तालमीत सरांनी आणि मी भरली आहे, दुसरी माझ्या घरी, कुठली कोणती ते तपासल्यावर सांगते. बाईंनी तपासणी स्वतः केली. निळ्या पट्टीच्या पाण्यात काही नव्हतं. लाल पट्टीच्या पाण्याने पडदा भरून गेला.

सर मान हलवत हसले. "बघा," ते बाईंना म्हणाले. "वाईट वाटतं हो, पण ही घरचीच. मी बोललो होतो."

"लाल इथली आहे, सर," ठसका म्हणाली. "तुमच्या हातची. घरची निळी. आणि तुम्ही आत्ता पुन्हा घड्याळाला हात लावलात."

सरांचा हात घड्याळावरच थिजला. बाईंनी एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की पुन्हा भरून बघू, या वेळी ही मुलगी स्वच्छ हात आणि सर मळके हात, म्हणजे शंकाच नको.

"मी? मळके हात?" सर म्हणाले.

मळके हात व्हायला ते तयार झाले नाहीत. घड्याळ काढलं असतं तरी भागलं असतं, पण त्यांनी तेही काढलं नाही. चारच दिवसांत सरांची पाठ धरली आणि एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही असं त्यांनी कळवलं. पाठ दुखण्याचीही वेळ कशी साधता येते, हे अशा माणसांकडून शिकावं. त्यांच्या जागी मुख्य बाईंनी स्वतःच मळके हात व्हायचं ठरवलं आणि ठसकाची जागा पक्की झाली. घरातल्या गंजाच्या त्या वाक्याबद्दल सर एका शब्दानेही बोलले नाहीत. तो राग तिने जपून ठेवला. काही राग सोडून द्यायचे नसतात, असं तिचं मत आहे आणि ते तिने अजून बदललेलं नाही.

निघायच्या सकाळी धक्क्यावर वारा सुटला होता. बाटल्यांची शेवटची पेटी अजून खालीच होती. आई ठसकाच्या कोटाची बटणं पुन्हा पुन्हा लावत होती. बाबा मात्र लांब, दोरखंडांच्या ढिगाजवळ उभे होते, स्वच्छ शर्ट घालून, हात पाठीमागे घेऊन.

"हात मागे कशाला लपवताय?" ठसका तिथूनच ओरडली. "चोरी केलीय का? या, ही पेटी धरा."

बाबांनी खिशातून हातमोजे काढले. ते तिने त्यांच्याकडून काढून घेतले. बाहेरच्या पेटीला मोजे लागत नाहीत, ती म्हणाली, ती अशीच धरायची असते. दोघांनी दोन बाजूंनी पेटी उचलली. बाबांच्या बोटांच्या भेगांमधलं काळं इतकं घासूनही निघालेलं नव्हतं.

जहाजाच्या शिडीशी सर निरोप द्यायला आले होते. पाठीची तक्रार विसरून ते लगबगीने पुढे झाले आणि द्या इकडे म्हणत त्यांनी पेटीला हात घातला.

"सर," ठसका म्हणाली, "हात लावू नका."

सर बाजूला झाले. बाबांनी पेटी नीट पकडली आणि ते तिच्या मागोमाग शिडी चढू लागले.