कुलूपबाई आणि पोपटाचा पिंजरा

सव्वीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या त्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. कोण कुठलं पुस्तक घेऊन गेलं, हे त्या काही केल्या सांगायच्या नाहीत. नोंद करतानासुद्धा डाव्या हाताचा आडोसा धरायच्या. सख्ख्या जावेनं एकदा लाडीगोडी लावून पाहिलं, "आमचे हे हल्ली काय नेतात गं वाचायला?" बाई म्हणाल्या, "पुस्तक." जाऊ वर्षभर फुगून बसली होती.

मग खिडकीपाशी सभासदांसाठी कॉम्प्युटर आला. त्यात जो ब्राउजर होता तोच बाईंनी राहू दिला. एरवी कपाटाचं कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या बाई, पण इथं काही बघायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गल्लीतली शिवणवाली रोज अकराला यायची, नवरा कामावर गेला की. त्यानं रागाच्या भरात तिचं शिवणयंत्र विकून टाकलं होतं, हे गल्लीभर ठाऊक होतं. ती अर्धा तास काहीतरी टाइप करायची आणि जाताना म्हणायची, "बाई, यांना कळू देऊ नका हं." काय कळू द्यायचं नाही, ते बाईंनी कधी विचारलं नाही.

एका गुरुवारी ती उठून गेल्यावर बाई बातम्या वाचायला बसल्या. बातमी होती धरणाची आणि चहूबाजूंनी जाहिराती: परगावी महिलांसाठी वसतिगृह, कपड्यांच्या कारखान्यात शिवणाची नोकरी, सोबत राहायला खोली! शिवणवालीनं शोधलेलं सगळं ब्राउजरनं जाहिरातींत मांडून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी तिचा नवरा सामन्यांचे निकाल बघायला ह्याच खुर्चीत बसायचा. त्याच्या नजरेला हे पडलं, की तिचं जाणं संपलंच.

"अगं बाई! मी तोंड शिवून बसलेय आणि हा मेला गावभर बोंबलतोय!"

त्यांनी कॉम्प्युटरवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी डकवली आणि भाचीला फोन लावला. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची.

"मावशी, आधी जुनं सगळं पूस आणि ब्राउजरच बदल. जो मागावर राहणाऱ्या जाहिरातवाल्यांना आत घेत नाही आणि बंद करताना सगळं विसरतो, तो ठेव."

"अगं, पण ओळखू कसा?"

"तूच परीक्षा घे की!"

झालं! बाईंच्या अंगात वारंच शिरलं. त्यांनी तीन ब्राउजर उतरवले आणि परीक्षेसाठी अशी वस्तू शोधली, जी जन्मात कधी लागणार नव्हती: पोपटाचा पिंजरा. पहिल्यात पिंजरा शोधला, मग बातम्या उघडल्या, तर धरणाशेजारी पिंजरा हजर. "नापास!" दुसरा फार गोड बोलणारा. तुमची गुप्तता आम्हाला प्राणप्रिय म्हणाला आणि लगेच विचारू लागला, तुम्ही कुठं आहात, पासवर्ड लक्षात ठेवू का? "तुला कशाला रे नसत्या पंचायती?" त्यानं पिंजऱ्यासोबत पोपटाचा खाऊही दाखवला.

तिसऱ्यात पिंजरा शोधूनही जाहिरात आली ती भिंतीच्या रंगाची. बाईंनी पान पुन्हा उघडलं. रंगच. बंद करताना सगळं पुसायच्या पर्यायावर त्यांनी खूण केली, ब्राउजर मिटला, उघडला आणि वरच्या पट्टीत 'पो' टाइप केलं. ढिम्म! काही म्हणजे काही पुढं आलं नाही.

"नाही आठवत त्याला! पोपट नाही आठवत!" बाईंनी टेबलावर थाप मारली. पेपर वाचणारे दोन आजोबा दचकले. 'शांतता राखा' ही पाटी नेमकी बाईंच्याच डोक्यावर होती.

जुनं सगळं पुसून त्यांनी तिसराच तेवढा ठेवला आणि शुक्रवारी शिवणवालीला दाखवला. "उठताना ही फुली दाबायची."

"मग?"

"मग तुम्ही काय बघितलं, ते ह्याला ठाऊक नाही." बाई तिच्याकडे बघून हसल्या. "अगदी माझ्यासारखं."

शनिवारी नवरा आला तो थेट बाईंच्या टेबलाशी. "आमची ही रोज इथं येते म्हणे. काय बघते?"

"मी कुणाचं काही सांगत नाही."

"मग मीच बघतो!"

तो खुर्चीत बसला. बाई पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या. त्यानं आधी बघितलेल्या पानांची यादी उघडली. रिकामी. वरच्या पट्टीत एकेक अक्षर टाइप केलं. काही नाही. बातम्या उघडल्या, तर भिंतीचा रंग. बराच वेळ खटपट करून तो उठला आणि निकाल न बघताच निघून गेला. बाईंना तर तिथंच गिरकी घ्यावीशी वाटली.

सोमवारी अकराला शिवणवाली आली. तिनं सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं. हातात पिशवी होती आणि चेहरा असा उजळलेला, की बाईंना तिला ओळखायला क्षणभर वेळच लागला.

"परत करतेय, बाई. नोकरी लागली. दुपारच्या गाडीनं निघतेय."

बाईंनी कार्ड घेतलं, नाव खोडताना सवयीनं डाव्या हाताचा आडोसा धरला. शिवणवाली वाकली आणि तिनं त्यांच्या कानात हळूच गावाचं नाव सांगितलं. सव्वीस वर्षांत न विचारता कुणी त्यांना आपण होऊन काही सांगितलं नव्हतं.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि त्या म्हणाल्या, "मी काही ऐकलंच नाही हं. जा, गाडी चुकवू नकोस."